कंपनीच्या पुलाचा एक गाळा

माझी सोयरीक ठरत होती तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगा काय काम करतो?" वडील म्हणाले, "सरकारी नोकरी हाय. पूल ठोकून बघतो." मामांना वाटलं म्हातारा थट्टा करायला लागला. त्यांनी पुन्हा विचारलं, वडिलांनी पुन्हा तेच सांगितलं. मामा जरा घाबरून म्हणाले, "ठोकून बघतो म्हंजे, पडतो का न्हाई ते?" लग्न झालं, संसार झाला, नातवंडं आली, तरी सासुरवाडीला मी अजून 'पूलठोके पाव्हणे'च आहे.

या अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "लिहा की. जल्मभर लोखंडाशी बोललाव, आता जरा माणसांशी बोला." म्हणून बसलोय.

तर काम असं. लोखंडी पूल एकसंध नसतो. शेकडो तुकडे असतात, काही रिव्हेट मारून जोडलेले, काही जाड पिना घालून. रिव्हेट म्हणजे लालभडक तापवून भोकात घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं ठोकून डोकं पसरवायचा खिळा. तो निवताना आकसतो आणि दोन पट्ट्यांना असा आवळून धरतो की मधून मुंगी जायची नाही. पण वर्षानुवर्षं गाड्यांचे हादरे खाऊन एखादा ढिला पडतोच. दिसायला सगळे सारखे. म्हणून एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं लहान हातोडीनं टिचकी मारायची. घट्ट असला तर खणखणीत वाजतो, ढिला असला तर बोटाखाली कुलबुलतो. त्याच्यावर खडूची फुली मारायची आणि पुढं सरकायचं. उन्हाळ्यात लोखंड इतकं तापायचं की फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता यायचा नाही. याला पगार मिळायचा, आणि खरं सांगतो, मला हे काम मनापासून आवडायचं.

आमच्याकडचा सगळ्यात जुना पूल माजलगाव-तेलगाव भागातला. नेमका कुठला ते सांगत नाही, उगाच पोरं फोटो काढायला जाऊन चढाचढी करतील. तीन गाळ्यांचा पूल. दोन खांबांमधलं जे अंतर पूल ओलांडतो, त्याला गाळा म्हणायचं. निजामाच्या वेळेला आलेला, सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीनं घडवलेला. टोकाला ओतीव लोखंडाची पाटी होती, पण तिचा नावाचा अर्धा भाग कधीच तुटून गेला होता. त्यामुळे गावाला तो नुसता 'कंपनीचा पूल'. कुठली कंपनी, असं कोणी विचारलं की खाजाभाई म्हणायचे, "आपली न्हाई एवढं नक्की."

खाजाभाई माझे जोडीदार, वयानं वडील. रिव्हेट मारण्यात त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात नव्हता. त्यांचे आजोबा हा पूल उभा राहिला तेव्हा भाता ओढायला होते, त्यामुळे पुलाबद्दल बोलताना ते घरच्या शेताबद्दल बोलल्यासारखे बोलायचे.

त्या कंपनीचा इतिहास मला कळला तो फार उशिरा, शिंदे मॅडम आमच्या उपविभागाला अभियंता म्हणून आल्यावर. वयानं माझ्या पोरीएवढ्या. पण जुन्या पुलांचा त्यांना भारी नाद, कॉलेजात त्याच्यावरच अभ्यास केलेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पुलाखालच्या सावलीत आमच्यात बसायच्या आणि सांगायच्या. एक लोहार होता म्हणे, नांगर आणि फाटकं करणारा. त्याच्या डोक्यात आलं, कापड जसं मापानं विकतात तसे पूल विकावेत. नदी किती रुंद ते कळवा, पूल पाठवून देतो. कारखाना मोठा झाला, जगभर माल जायला लागला. पण लोहाराची एक सवय कंपनीनं सोडली नाही. प्रत्येक पूल आधी कारखान्याच्या मागच्या मैदानात पूर्ण उभा करायचा. एकही भोक चुकलं नाही, एकही पट्टी आखूड पडली नाही याची खात्री करायची. मग प्रत्येक तुकड्यावर पोलादी ठशानं खूण ठोकायची, पूल पुन्हा सोडवायचा, शेंदरी रंग द्यायचा आणि जहाजावर चढवायचा. जहाजातून आगगाडीत, आगगाडीतून बैलगाडीत. आपल्याकडं बैलगाड्यांची केवढी रांग लागली असेल, विचार करा.

पुढं सिमेंटचे पूल आले, गिऱ्हाईक आटलं आणि कंपनी बंद पडली. मॅडमनी हे अगदी सहज सांगितलं, पण मला वाईट वाटलं. माझ्या डोक्यात ते मैदानातले कारागीर बसले. बिचाऱ्यांनी आख्खा पूल कोरड्या जमिनीवर उभा केला, हातानं सोडवला आणि गाडीत भरला. आपला पूल पाण्यावर कसा दिसतो ते त्यांतल्या एकानंही कधी पाहिलं नाही. 

आम्हाला त्या ठशांची गरज नव्हती, कारण खाजाभाईंनी आमची वेगळीच बाराखडी केली होती. नवा माणूस गँगमध्ये आला की त्याला तांत्रिक नावं पाठ होत नसत. म्हणून खाजाभाईंनी पुलाचं कुटुंब करून टाकलं होतं. वरची जाड तुळई म्हणजे सासरा, कारण वर बसून सगळ्यांना दाबतो. खालची लांब पट्टी सासू, दोन्ही टोकं ओढून घर धरून ठेवणारी. उभे खांब म्हणजे दीर. तिरक्या चपट्या पट्ट्या म्हणजे सुना, सगळं ओझं त्यांच्याच अंगावर. आणि गाळ्याच्या मधोमध, दोन सुनांना फुली मारून जाणाऱ्या बारीक सळया असायच्या, मध्ये आवळायचा पेच असलेल्या. त्या कायम सैल. हातानं हलवल्या तर खुळखुळायच्या. त्यांचं नाव जावई.

"काम काय करतो मंग?" नवा माणूस विचारायचा.

"जावई हाय बे तो," खाजाभाई म्हणायचे. "लटकून ऱ्हातो. आपुन फक्त रंग द्यायचा, मान ठेवायचा."

मग शेजारी नवा सिमेंटचा पूल झाला, चौपदरी, दिवे लावलेला. कंपनीचा पूल भंगारात काढायचा हुकूम आला. भंगारवाले येऊन हातानं चाचपून जायला लागले. आम्ही गँग लावून पूल सोडवायला सुरुवात केली. एक गाळा जमिनीवर उतरला, त्या दिवशी दुपारी एक बाई डोक्यावरचा पदर खोचून थेट मॅडमपुढं येऊन उभी राहिली.

"मॅडम, पूल मोडायलाव म्हणं?"

"हो."

"मंग एक तुकडा आमाला द्या."

गँगमधली माणसं फिस्सकन हसली. शिंप्याकडं उरलेलं कापड मागावं तशी बाई पूल मागत होती. ती मात्र हसली नाही. कौसाबाई तिचं नाव. ओढ्यापलीकडं ऊसतोड कामगारांची वस्ती आहे, तिथली. स्वतः तोडीला जाणारी, ग्रामपंचायतीत निवडून आलेली, आवाज असा की तोंडापुढं लाउडस्पीकर धरायची गरज नाही.

तिचं गाऱ्हाणं साधं होतं. दिवाळी झाली की वस्तीतली धडधाकट माणसं मुकादमाबरोबर, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराबरोबर, साखर कारखान्यावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पोरांना म्हाताऱ्यांपाशी ठेवावं, शाळा चालू राहील, असं सगळ्यांना वाटतं. पण शाळा ओढ्याच्या अलीकडं. आणि ऐन हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की ते ओढ्याला येतं, छातीला लागतं. म्हातारी माणसं पोरांना पाण्यात घालत नाहीत. मग पोरं घरी बसतात, नाहीतर आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला शिकतात.

"माझी थोरली तशीच गेली," कौसाबाई म्हणाली. "हुशार होती. आता तिच्या हातात कोयता हाय. धाकटी आठवीत हाय, तिला मी न्हाई जाऊ देणार. मुकादमाचा ट्रॅक्टर दिवाळी झाली की दारात येतोय. त्याच्या आत पूल झाला तर पोरं हितं ऱ्हातील. न्हाई झाला तर ट्रॉलीत बसतील. आमच्या वस्तीचं एवढंच हाय."

मॅडमनी ओढ्याची रुंदी विचारली. कौसाबाईनं पावलांचा हिशेब सांगितला. मॅडम आमच्याकडं वळल्या आणि जमिनीवर उतरलेल्या गाळ्याकडं बघत म्हणाल्या, "मिस्त्री, कंपनीनं हा एकदा सोडवून दुसरीकडं उभा केलाच होता ना?"

मला एकदम अंगात वारं आल्यासारखं झालं. खाजाभाईंनी बिडी विझवली, म्हणजे त्यांनाही झालं असावं.

पुढचे कागद, मंजुऱ्या, बीडच्या चकरा हे सगळं मॅडमनी केलं. ते कसं केलं ते मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. एवढं दिसलं की दोन्ही काठांवर काँक्रीटचे ओटे झाले आणि पावसाळा ओसरता ओसरता आमचा गाळा ट्रॉल्यांवर चढून ओढ्याकडं निघाला. आम्ही तुकडे खरवडले तेव्हा रंगाच्या थरांखालून कंपनीच्या खुणा निघाल्या, काल ठोकल्यासारख्या. मग काय, खाजाभाईंचं कुटुंब आणि कंपनीचे ठसे, दोन्ही जुळवत आम्ही ओढ्यावर आधाराला लाकडी ठोकळ्यांची घोडी लावून पूल रचायला घेतला. वस्तीतल्या बायका भाकरी घेऊन यायच्या आणि बसून बघायच्या. त्यांनाही नाती पाठ झाली. "सासू बसली का?" "दीर वाकडा हाय का?" दिवसभर असलं चालायचं. एका म्हातारीनं तर मला सांगितलं, "सासऱ्याला जरा हळू घ्या, वय झालंय."

राहता राहिले जावई. सोडवताना त्या सळया वाकल्या होत्या आणि पेच गंजून एकजीव झाले होते. दिवस थोडे उरले होते, वस्तीत मुकादमाची माणसं चकरा मारायला लागली होती. खाजाभाईंनी घोडी काढायला सांगितली. घोडी निघाली. पूल जावयांशिवाय झोकात उभा राहिला. आम्ही वीस-पंचवीस माणसं मधोमध जाऊन उड्या मारल्या. ढिम्म हलला नाही.

"बघा," खाजाभाई म्हणाले. "जल्मभर रंग दिला त्यान्ला. उगीच."

सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं होतं? सळया बाजूला गवतात टाकल्या. मॅडम त्या आठवड्यात बीडला अडकल्या होत्या, आल्या त्या थेट चाचणीच्या सकाळी.

चाचणी म्हणजे खडीनं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट पुलावरून न्यायची. ट्रॅक्टर वस्तीतलाच, चालवणाराही वस्तीतला. आमच्यात एक जुनी रीत आहे, खाजाभाई म्हणायचे ती कंपनीच्या गोऱ्या माणसापासून आली. पूल पहिल्यांदा ओझं घेतो तेव्हा तो बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं. काही भीतीबिती असेल तर आधी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. खाजाभाई विजार वर करून ओढ्यात उतरले आणि मधोमध जाऊन उभे राहिले. वर अख्खी वस्ती काठाला.

ट्रॅक्टर पुलावर चढला. पुढची चाकं मध्यापर्यंत आली, ट्रॉली अजून अलीकडच्या अर्ध्यात. वरून सगळं ठीक दिसत होतं. तेवढ्यात खालून खाजाभाईंचा हात वर आला.

"थांबीव," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, चहा नको म्हणावं तसा. "मागं घे. सरळ. हळू."

ट्रॅक्टर मागं आला. मी धावत खाली उतरलो. मध्याच्या अलीकडची एक सून, म्हणजे तिरकी पट्टी, जिनं कायम ताणलेलं असायला हवं, तिनं पोट काढलं होतं. ट्रॅक्टर मागं गेल्यावर ती पुन्हा सरळ झाली, पण आम्ही बघायचं ते बघितलं होतं. वरून हे कोणालाच दिसलं नव्हतं.

मॅडम खाली आल्या. बूट चिखलात. त्यांनी पट्टीवर हात फिरवला आणि विचारलं, "इथल्या बारीक सळया कुठायत?"

 एकानं गवताकडं बोट दाखवलं.

मॅडम रागावल्या असतील, पण आवाज चढवला नाही. जवळची एक काठी घेऊन वाळूत पूल काढला. "ओझं मधोमध उभं असतं, तेव्हा या सळयांना काम नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला सैल लागतात. पण गाडी चालती असते. ती एका अर्ध्यात असली की तिच्या पुढची, मध्याजवळची पट्टी उलटी दबायला लागते, आणि या चपट्या पट्टीला दाब सोसत नाही, ती वाकते. त्या घडीला ओझं ओढून धरते ती फक्त ही सळई. थोडाच वेळ. पण त्या वेळात ती नसली तर पूल जातो."

खाजाभाई वाळूतल्या चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमी इतकी वर्सं बिचाऱ्याला बसून खातो म्हणत आलो."

मॅडमना हसू आलं. मग आम्हालाही आलं. पण कौसाबाई काठावर उभी होती आणि तिच्या तोंडाला रंग नव्हता.

"मिस्त्री," ती मला म्हणाली, "ट्रॅक्टर परवा सकाळी येणार हाय. लोकं मला इचारायलेत, पोरांचे कपडे बांधायचे का न्हाई. मी काय सांगू?"

 उत्तर खाजाभाईंनी दिलं. "बांधू नका म्हणावं."

त्या दिवशी जे काम झालं तसं मी नोकरीत पाहिलं नाही. तेलगावहून एक लोहार भाता आणि ऐरण घेऊन आला. सळया तापवून सरळ केल्या. पेच रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, पुन्हा तापवले, पुन्हा बुडवले. खाजाभाई आणि लोहार आळीपाळीनं घण मारत होते, वस्तीतली माणसं भाता ओढत होती, बायका पाणी आणत होत्या. कोयते बांधून ठेवलेली, निघायच्या तयारीतली माणसं. दुपारपर्यंत एक पेच फिरला. तो फिरला तेव्हा लोहारानं हातातला घण खाली ठेवून कपाळाचा घाम पुसला आणि आम्ही सगळे बसकण मारून बसलो, इतका जीव टांगणीला लागला होता. मग बाकीचेही फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सळया आपल्या जागी बसल्या. त्या आवळायच्या आधी एक म्हातारी ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू आणि पुरणाचे दिंड. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून वाण देतात, तसा तिनं प्रत्येक सळईला टिळा लावला. "अधिक न्हाई चालू, पर ह्येंचं लई वर्सांचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. दिंड अर्थातच आम्ही खाल्ले. मॅडमनी स्वतः पेच आवळला, हातानं सळई हलवून बघत, खुळखुळ थांबेपर्यंतच. खाजाभाई शेजारून म्हणत होते, "लई आवळू नका मॅडम, रुसून बसंल."

ट्रॅक्टर पुन्हा आला. खाजाभाई पुन्हा खाली उतरले. या वेळी मॅडमही उतरल्या, त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. खाजाभाई म्हणाले, "तुमी कावून, मॅडम? ही रीत बांधणाऱ्याची हाय." मॅडम म्हणाल्या, "मग मी कोण?" खाजाभाईंनी जरा बाजूला सरकून त्यांना दगडावर जागा करून दिली.

ट्रॅक्टर चढला. अर्ध्यात आला. मी काठावरून त्या सळईकडंच बघत होतो. तिचा सैल झोळ गेला, ती ताठ झाली, थोडी गुणगुणली. शेजारची पट्टी जागची हलली नाही. ट्रॅक्टर पलीकडं उतरला, वळला आणि परत आला. काठावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका उठल्या आणि घराकडं निघाल्या, कारण बांधाबांध राहिली होती.

मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा दिवस उजाडला तेव्हा मला तिथं जायचं काही कारण नव्हतं. काम संपलं होतं, पूल खात्यानं ताब्यात घेतला होता. तरी मी घरून, नेकनूरहून, पहिली गाडी पकडून गेलो. खाजाभाई माझ्याआधीच येऊन बसले होते.

मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीतून निघाला, मागं दोन ट्रॉल्या. पोरं दप्तरं घेऊन पुढं चालत होती, कारण शाळेची वेळ तीच होती. आया ट्रॉलीतून ओरडून सांगत होत्या, आजीला त्रास देऊ नको, दिवा लवकर लाव, शेळीला पाणी पाज. पोरं हो हो म्हणत होती आणि मागं बघत नव्हती. पोरं आधी पूल ओलांडून गेली. मग ट्रॅक्टर चढला, हळूच, आणि अलीकडं उतरला. पुलाच्या तोंडाशी वाट फुटते, डावी कारखान्याला, उजवी शाळेला. कौसाबाईची आठवीतली पोरगी उजवीकडं वळली, चार पावलं गेली आणि थांबली. कौसाबाई ट्रॉलीत उभी होती. तिनं हात हलवला नाही. "चल, घंटा होईल," एवढंच म्हणाली, आणि पोरगी गेली.

ट्रॉल्या माझ्यासमोरून गेल्या तेव्हा मी आत नीट बघून घेतलं. गोधड्या होत्या, भांडी होती, कोयते होते, कोंबड्यांची एक डालगी होती, अंगावरची तान्ही लेकरं आयांच्या मांडीवर होती. शाळेच्या वयाचं पोर एकही नव्हतं.